बाख आणि त्याचा अपुरा राहिलेला फ्यूग

योहान सेबास्टियन बाख ह्याचा जन्म जर्मनी देशांतील आयझेनाख गांवीं सन १६८५ सालीं झाला. वयाचें दहावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच तो आईबापांस पारखा झाला, तेव्हां ऑर्गन वाजविणाऱ्या वडील बंधूनें त्याचा सांभाळ केला. सन १७०५ सालीं आर्नस्टाट येथील मंडळीचा ऑर्गनवादक असतां, बक्स्टेहूड नामक वृद्ध वादकास ऐकण्यासाठीं तो अडीचशें मैलांवरील ल्युबेक शहरीं पायीं गेला. रजा चार आठवड्यांची. परतला चार महिन्यांनीं! वरिष्ठांनीं त्याची कानउघाडणी केली, हें सांगावयास नकोच.

फ्यूग ह्या रचनेंत त्याची बरोबरी कोणी केली नाहीं, असें आम्हांस वाटतें. चार गायक आहेत अशी कल्पना करा. प्रथम एकटाच एक लहानशी चाल म्हणतो. तिला विषय म्हणतात. ती संपतांच दुसरा तोच विषय पंचमावरून उचलतो. पण पहिला गप्प बसत नाहीं, तो जोडीला निराळी चाल गात राहतो. मग तिसरा, मग चौथा. येथें एक गायक व बाकीचे साथीदार असा भेदच नाहीं. पुढें विषय कधीं चढाच्या जागीं उतार घेऊन येतो, कधीं दुप्पट संथ होतो, तर कधीं एकाचा पुरा होण्याआधींच दुसरा तो सुरू करतो. इतक्या दाटींतहि कोणाचा आवाज बुडतां कामा नये, ही खरी कसोटी.

सन १७२२ सालीं बाखनें बारा स्वरांपैकीं प्रत्येकावर दोन, असे २४ फ्यूग एका ग्रंथांत गोंविले. पुढील वर्षापासून मरेपर्यंत तो लाइपझिग येथें संत थोमाच्या मंदिरीं होता. सन १७४७ सालीं प्रशियाचा राजा फ्रेडरिक ह्यानें एक विकट विषय पुढें टाकला. बाखनें त्यावर तेथल्या तेथें तीन आवाजांचा फ्यूग वाजविला, व मागाहून सहा आवाजांचा लिहून राजास अर्पण केला.

‘फ्यूगची कला’ हा त्याचा अखेरचा ग्रंथ. जर्मन लोक स्वरांस अक्षरांनीं ओळखतात, त्यामुळें त्याच्या आडनांवाचीं चार अक्षरें म्हणजे चार स्वरच. ग्रंथांतील शेवटच्या फ्यूगांत तिसरा विषय म्हणून तेच स्वर येतात, आणि थोड्याच वेळांत लिखाण मध्येंच तुटतें. तेथें मृत्यूनें लेखणी थांबविली, अशी नोंद त्याच्या पुत्राची आहे. परंतु अक्षराच्या वळणावरून तें पान आधींचें असावें असें अभ्यासक म्हणतात, व तेंच आम्हांस ग्राह्य वाटतें. कारण शेवटीं त्यास दिसतच नव्हतें. सन १७५० सालीं डोळ्यांवर दोन शस्त्रक्रिया होऊन दृष्टि गेली, व २८ जुलै रोजीं तो मरण पावला. ग्रंथ पुढल्या वर्षीं छापला गेला. सन १७५६ पर्यंत सुमारें ३० प्रती खपल्या, तेव्हां पुत्रानें छपाईचे तांब्याचे पत्रे विकावयास काढले.