नट-बोल्टवाले हॉर्नबी

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये जॉब घासून घासून हाताला फोड आले, की प्रत्येकाला वाटतंच, आपण इथे कशाला आलो! मी तर कॉन्व्हेंटमधली, ‘कानस’ हा शब्दसुद्धा वर्कशॉपच्या मामांकडून शिकले. म्हणूनच फ्रँक हॉर्नबी यांच्यावर लिहावंसं वाटलं. खेळण्यातल्या गाड्या खरवडून पुन्हा रंगवणाऱ्यांना हे नाव माहीत असेल. (आमच्या विंगमध्ये अशा दोघी आहेत, नेलपॉलिशवर भागवतात!)

हॉर्नबी यांचा जन्म 1863 सालचा, लिव्हरपूलचा. इंजिनियरिंगचं शिक्षण शून्य. मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे ते हिशेब लिहायचे आणि घरी आले की मुलांसाठी खेळणी करत बसायचे. पण क्रेन करा नाहीतर पूल, दर वेळी सगळे भाग नव्याने कापायचे म्हणजे वैतागच! तेव्हा त्यांना सुचलं, की पट्ट्या सारख्याच ठेवून ठरावीक अंतरावर भोकं पाडली तर? अर्धा इंच रुंदीची पट्टी आणि अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोक. त्याच भोकात बोल्ट बसतो आणि तेच भोक दांड्याचं बेअरिंगही होतं. आज क्रेन करा, उद्या खोलून पूल करा. इंटरचेंजेबिलिटी म्हणून आपण परीक्षेच्या आदल्या रात्री जे पाठ करतो ना, ते हेच.

पेटंटला पैसे नव्हते. मालक एलियट यांच्याकडून त्यांनी पाच पौंड उसने घेतले, 1901 मध्ये पेटंट मिळवलं आणि मग मालकच भागीदार झाले! लिव्हरपूलचे इंजिनियरिंगचे प्रोफेसर हेले-शॉ यांनी शिफारसपत्र दिलं. 1907 मध्ये ‘मेकॅनो’ हे नाव आलं, 1914 मध्ये बिन्स रोडवर मोठा कारखाना. 1934 मध्ये तर मँचेस्टरला हार्ट्री आणि पोर्टर यांनी मेकॅनोचे भाग वापरून डिफरन्शियल इक्वेशन सोडवणारं यंत्र उभं केलं. एम-थ्रीवाल्यांनो, ऐकताय ना?

1920 मध्ये त्यांच्या चावीच्या आगगाड्या आल्या. त्याही सुरुवातीला नट-बोल्टच्या, खोलता येणाऱ्या. मधे ते खासदारही झाले, पण ते सोडून देऊ. पुढे आगगाडीच्या स्टेशनला शोभा म्हणून छोटे हमाल, गार्ड आणि मोटारी निघाल्या. 1934 मध्ये या मोटारींना ‘डिंकी टॉईज’ नाव मिळालं. जस्ताच्या मिश्रधातूच्या या गाड्या साच्यातून तयारच बाहेर पडत. मला हे जरा खटकतंच. जन्मभर पोरांच्या हातात पाना देणाऱ्या माणसाने शेवटी तयार माल विकावा!

1936 मध्ये हॉर्नबी वारले. 1979 मध्ये बिन्स रोडचा कारखानाही बंद पडला. पण घरोघरच्या छांदिष्टांनी त्या तयार गाड्यांनाही सोडलं नाही. युद्धानंतरच्या डिंकींचा खालचा पत्रा रिव्हेटने बसवलेला असतो. रिव्हेट ड्रिलने उडवायचा, जुना रंग उतरवायचा, प्रायमर मारायचा, मग हवा तो रंग, हवी ती पाटी. साधी व्हॅन अँब्युलन्स होते, नाहीतर दूधवाल्याची गाडी. युद्धाआधीच्या गाड्यांना मात्र जपून हात लावावा लागतो. तेव्हाच्या जस्तात शिसं मिसळलेलं असलं, तर धातू आतून तडकत जातो आणि रंग कितीही सुरेख दिला तरी गाडीचा हळूहळू भुगा होतो. त्यावर इलाज नाही.