वास्को द गामा : पाठ्यपुस्तकातला दर्यावर्दी आणि कर्नाळ्यापर्यंत पोचलेला क्रूस

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल सोडून पेणकडे निघालं की अंगठ्यासारखा उभा सुळका दिसतो. तो कर्नाळा. लोक इथे पक्षी अभयारण्य बघायला येतात, शाळांच्या सहली येतात, हौशी मंडळी किल्ल्यावर चढून फोटो काढतात. किल्ल्यावर मराठी आणि फारसी असे दोन्ही शिलालेख आहेत, हे थोड्यांनाच माहीत असतं. आणि १५४० साली वसईहून आलेल्या पोर्तुगीज फौजेने हा किल्ला घेतला होता, हे तर त्याहूनही कमी जणांना.

हे पोर्तुगीज आपल्या कोकणात आले कुठून आणि कशासाठी? याचं उत्तर शोधायला गेलं की एका माणसापाशी जावं लागतं. त्याचं नाव प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतं. वास्को द गामा, १४९८, भारताकडे जाणारा सागरी मार्ग. आम्ही शिक्षक मंडळी ही ओळ वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण हा माणूस नुसता दर्यावर्दी नव्हता. तो सलीबी जंगांच्या, म्हणजे क्रुसेडच्या परंपरेत वाढलेला एक नाइट होता. हे कळल्याशिवाय त्याने हिंदी महासागरात जे केलं ते नीट कळत नाही.

क्रूसाखाली वाढलेला मुलगा

सुलतान सलाहुद्दीन अय्युबींनी ११८७ मध्ये बैतुल मुकद्दस परत घेतलं आणि १२९१ मध्ये अक्का शहरही क्रुसेडवाल्यांच्या हातून गेलं. तिथे हा विषय संपला असं आपण समजतो. युरोपच्या पश्चिम टोकाला मात्र तो संपला नव्हता. लिस्बन शहर ११४७ मध्ये मुसलमानांकडून घेतलं गेलं, तेच मुळी पॅलेस्टाईनकडे निघालेल्या क्रुसेडवाल्यांच्या मदतीने. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये मुस्लिम राज्यांशी सरदारांच्या धार्मिक संघटना लढत होत्या. त्यातली एक सांतियागोची. दुसरी टेम्पलर नाइटांची. टेम्पलर संघटना १३१२ मध्ये पोपने बरखास्त केली, पण पोर्तुगालच्या दिनिस राजाने तिची मालमत्ता वाया जाऊ दिली नाही. १३१९ मध्ये त्याच मालमत्तेवर नवी संघटना उभी झाली, ऑर्डर ऑफ क्राइस्ट. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर जो लाल क्रूस आपण चित्रात बघतो, तो या संघटनेचा.

वास्कोचा जन्म १४६० च्या दशकात सिनेस नावाच्या समुद्रकाठच्या गावात झाला, असं मानतात. हे गावच सांतियागो संघटनेच्या मालकीचं. वडील एस्तेव्हांव द गामा हे त्या संघटनेचे नाइट आणि गावच्या किल्ल्याचे अधिकारी. वास्कोही त्याच संघटनेत गेला आणि १४९५ पर्यंत तिच्या जमिनींचं उत्पन्न त्याला मिळू लागलं. ग्रॅनाडाचं शेवटचं मुस्लिम राज्य १४९२ मध्ये पडलं, तेव्हा तो ऐन तारुण्यात होता. म्हणजे मुसलमान म्हटला की शत्रू, ही शिकवण त्याला घरातूनच मिळालेली.

पोर्तुगालचा राजा मॅन्युएल हा स्वतः ऑर्डर ऑफ क्राइस्टचा प्रमुख होता. त्याच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक मसाल्याचा व्यापार. काळी मिरी मलबारातून जेद्दा, काहिरा, व्हेनिस अशी जायची आणि वाटेत प्रत्येकजण नफा कमवायचा. दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वेकडचा एखादा ख्रिस्ती राजा शोधून मिसरच्या ममलुक सुलतानाला मागून घेरायचं आणि शेवटी जेरुसलेम गाठायचं. व्यापार आणि क्रूस, दोन्ही एकाच जहाजात.

कालिकतला काय घडलं

८ जुलै १४९७ रोजी चार जहाजं आणि साधारण दीडशे ते एकशे सत्तर माणसं घेऊन वास्को निघाला. आफ्रिकेला वळसा घालून तो मलिंदीला पोचला. तिथून पुढे त्याला स्थानिक जाणकार वाटाड्या मिळाला, कारण अरब, गुजराती आणि मलबारी खलाशी शेकडो वर्षं त्या पाण्यातून येत-जात होते. आपल्या चौल-दाभोळची गलबतंही त्यात होती. तेव्हा त्याने मार्ग शोधला तो युरोपसाठी. आपल्या लोकांना तो समुद्र घरच्या अंगणासारखा होता.

मे १४९८ मध्ये तो कालिकतजवळ उतरला. गंमत बघा, किनाऱ्यावर पाठवलेल्या पहिल्या पोर्तुगीज माणसाला भेटले ते ट्युनिसचे दोन मुसलमान. त्यांना स्पेनची भाषा येत होती. इतक्या लांब काय शोधायला आलात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला आलोय.

कालिकतचा राजा सामुतिरी, ज्याला आपली पुस्तकं झामोरिन म्हणतात, हिंदू होता. त्याच्या बंदरात अरब, मापिळा, गुजराती सगळे व्यापार करत. वास्कोने त्याच्यासाठी भेट म्हणून काढलं काय, तर कापडाचे तुकडे, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल आणि मध. दरबारचे अधिकारी हसले. मक्केहून येणारा सर्वात गरीब व्यापारीसुद्धा यापेक्षा जास्त देतो, असं त्यांनी सुनावलं. पोर्तुगीजांनी मात्र एका देवळालाच चर्च समजून तिथे प्रार्थना केली होती. इथली माणसं एकतर मुसलमान, नाहीतर ख्रिस्ती, तिसरं काही असू शकतं हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

परतीचा प्रवास भयानक झाला. वाऱ्याचा हंगाम न बघता निघाल्यामुळे अरबी समुद्र ओलांडायला तीन महिने लागले आणि हिरड्या सुजवणाऱ्या स्कर्व्ही रोगाने माणसं पटापट मेली. वास्कोचा भाऊ पावलोही घरी पोचण्याआधी वारला. निघालेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश परत आले. पण राजा खूश झाला. वास्कोला मानाची पदवी, पेन्शन आणि हिंदी समुद्राचा अॅडमिरल हा किताब मिळाला.

मीरी जहाज

धड्यात जे येत नाही ते १५०२ सालचं आहे. या वेळी वास्को वीस जहाजांचा आरमारी ताफा घेऊन आला. सप्टेंबर संपता संपता कण्णूरजवळच्या समुद्रात त्याच्या लोकांनी मीरी नावाचं जहाज अडवलं. ते मक्केकडून कालिकतला परत चाललं होतं. त्यावर दोन-अडीचशे पुरुष, शिवाय बायका आणि मुलं होती. हाजी होते, कालिकतचे श्रीमंत व्यापारी होते. त्यांच्यात जौहर अल-फकीह हा मोठा सौदागर होता. त्याने जिवाच्या बदल्यात मोठी खंडणी देऊ केली, जहाजं मसाल्याने भरून देण्याचंही कबूल केलं.

वास्कोने माल काढून घेतला, हत्यारं काढून घेतली आणि माणसांसकट जहाज पेटवायचा हुकूम दिला. लोकांनी आग विझवली, दगड आणि हाती लागेल ते घेऊन झुंज दिली. बायका आपले दागिने आणि तान्ही बाळं उंच धरून दयेची याचना करत होत्या. वास्को बघत राहिला. अनेक दिवसांच्या झटापटीनंतर जहाज जळालं. वीसेक मुलं मात्र उचलून नेली, ती ख्रिस्ती करून मठात देण्यासाठी.

हे कुणा मुस्लिम इतिहासकाराने रंगवून सांगितलेलं नाही. त्याच ताफ्यातल्या टोमे लोपेस नावाच्या पोर्तुगीज कारकुनाने हे डोळ्यांनी बघून लिहून ठेवलं आणि लिहिताना त्याच्याही काळजाला चरे पडले आहेत, हे वाचताना जाणवतं. म्हणून तो काळच तसा होता, एवढं म्हणून हा विषय मिटवता येत नाही. त्या काळातल्या त्याच्याच माणसालाही ते क्रूर वाटलं होतं.

तिथून वास्को कालिकतला गेला आणि सामुतिरीकडे मागणी केली की शहरातल्या सगळ्या मुसलमानांना हाकलून द्या. राजाने नकार दिला. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या माझ्या राज्यात राहतात, ते माझीच रयत आहेत, अशी त्याची भूमिका होती. मग वास्कोने तीसहून जास्त गरीब मच्छिमारांना जहाजांवर फाशी दिलं, त्यांचे हातपाय आणि डोकी तोडून होडीतून किनाऱ्याला पाठवली आणि शहरावर तोफा डागल्या. एका हिंदू राजाने आपल्या मुसलमान प्रजेसाठी हे सगळं सोसलं, पण ती प्रजा हाकलली नाही. आम्हाला वाटतं, आजच्या मुलांना वास्कोच्या तारखेइतकाच सामुतिरीचा हा नकारही पाठ असायला हवा.

चौलमार्गे शेवटचा प्रवास

१५०२-०३ नंतर वास्को वीस वर्षं पोर्तुगालमध्येच राहिला. सिनेस गावावरून सांतियागो संघटनेशी त्याचं बिनसलं आणि तो ऑर्डर ऑफ क्राइस्टमध्ये गेला. १५१९ मध्ये तो विदिगेराचा काउंट झाला. तोवर इकडे पोर्तुगीज सत्ता पसरली होती. १५०८ मध्ये आपल्या चौलच्या खाडीत मिसरचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगीजांना हरवलं, पण पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत ते हरले. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला. समुद्रावर परवान्याची सक्ती आली. पोर्तुगीज कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. पुढे अकबराच्या काळात या परवान्यांवर हजरत ईसा आणि बीबी मरियम यांची चित्रं असत, म्हणून हजची फर्ज राहते की नाही अशी चर्चा उलेमांमध्ये झाली आणि मखदूम-उल-मुल्क यांनी तर तशा अवस्थेत हज फर्ज नाही असा फतवा दिला.

१५२४ मध्ये कारभार बिघडला म्हणून राजाने म्हाताऱ्या वास्कोला व्हाइसरॉय करून पाठवलं. किनारा जवळ आला असताना समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि जहाजं हादरली. समुद्रसुद्धा आपल्याला घाबरून थरथरतोय, असं सांगून त्याने खलाशांना धीर दिला, अशी कथा पोर्तुगीज लेखक सांगतात. सप्टेंबरमध्ये तो चौलला पोचला. म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातच. तिथून गोवा, तिथून कोची. लाचखोर अधिकाऱ्यांवर त्याने हात टाकला, पण तीनच महिन्यांत आजारी पडला आणि २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले.

मुलगा आणि कर्नाळा

त्या प्रवासात त्याचा मुलगा एस्तेव्हांव सोबत होता. १५४० मध्ये तो गोव्याचा गव्हर्नर झाला. दुसऱ्या वर्षी तो आरमार घेऊन तांबड्या समुद्रात थेट सुएझपर्यंत गेला. त्याचा भाऊ क्रिस्तोव्हांव ४०० माणसं घेऊन हबशांच्या देशात उतरला आणि १५४२ मध्ये इमाम अहमद यांच्याशी लढताना पकडला जाऊन मारला गेला. बापाची सलीबी जंग मुलांनी पुढे चालवली, असंच म्हणावं लागेल.

आणि त्याच १५४० मध्ये इकडे कर्नाळ्यावर वेगळंच घडत होतं. किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीचा. बोरघाटातून बंदरांकडे उतरणाऱ्या वाटेवर नजर ठेवणारा. गुजरातच्या फौजेने तो आणि जवळचा सांकशी किल्ला जिंकला. बुऱ्हाण निजामशहाने मग मदत मागितली ती कुणाकडे? वसईच्या पोर्तुगीजांकडे. कप्तान फ्रान्सिस्को द मेनेझेस फौज घेऊन आला आणि किल्ले घेतले. पुढे हे किल्ले सांभाळायला महाग पडतात असं गोव्याच्या सरकारला वाटलं आणि वर्षाला ५,००० सोन्याच्या पगोड्यांच्या बोलीवर ते निजामशहाला परत दिले.

बघा, दोन्ही बाजूला मुसलमान सुलतान, आणि मध्ये क्रूसवाले पंच. चौलजवळ रेवदंड्याला १५२१ मध्ये पोर्तुगीजांना किल्ला बांधू देणाराही हाच बुऱ्हाण निजामशहा, कारण त्याला घोडे हवे होते. वसई त्यांना १५३४ मध्ये देणारा गुजरातचा बहादूरशहा, कारण त्याला हुमायूनची भीती होती. पोर्तुगीजांच्या तोफा मोठ्या होत्या हे खरं, पण त्यांना किनाऱ्यावर जागा मिळाली ती आपसातल्या भांडणांमुळे. विजापूर, अहमदनगर आणि सामुतिरी हे तिघे एकत्र आले ते थेट १५७०-७१ मध्ये. तेव्हा सामुतिरीने चालियमचा किल्ला जिंकला, पण गोवा आणि चौल हातात आले नाहीत. उशीर झाला होता. याच काळात मलबारच्या शेख झैनुद्दीन मखदूम यांनी पोर्तुगीजांच्या जुलमाचा इतिहास अरबीत लिहिला आणि तो विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केला.

मग मुलांना सांगायचं काय? वास्कोचं धाडस नाकारायची गरज नाही. नकाशा नसलेल्या पाण्यातून जहाज नेणं सोपं नव्हतं. पण मीरीवरच्या बायका-मुलांचं काय झालं हेही त्याच तासाला सांगितलं पाहिजे. त्याच्या क्रूसाचा जाब आजच्या वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला विचारायचा नाही, हेही सांगितलं पाहिजे. औरंगजेब किंवा अफजलखानाचा जाब आपल्या मुलांना विचारला जातो तेव्हा ते किती चुकीचं असतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. तोच न्याय दुसऱ्यालाही लावायला हवा.

आणि बुऱ्हाण निजामशहाची गोष्ट गाळून चालणार नाही. आपल्या सुलतानांची चूक सांगायला आपणच कचरलो, तर मीरीची गोष्ट सांगण्याचा आपला हक्कही कमी होतो. सहलीला कर्नाळ्यावर मुलं नेणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे, की पक्षी दाखवून झाले की दहा मिनिटं हे १५४० सालही सांगा.