पडद्यातलं छिद्र शोधणारे गोनिन

स्मरणिकेसाठी आपल्या पेशातल्या एखाद्या थोर माणसावर लिही, असा संपादक मंडळाचा हुकूम आला. मी डोळ्याच्या पडद्याचा डॉक्टर, म्हणून जूल गोनिन यांच्याविषयी लिहितो.

गोनिन स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे, जन्म १८७०. तिथेच मार्क द्यूफूर यांच्या हाताखाली ते नेत्रवैद्यक शिकले. त्या काळी डोळ्यातला पडदा सुटला की डोळा गेल्यात जमा. रुग्णाला आठवडेच्या आठवडे निश्चल झोपवून ठेवायचं. गुण येई तो हजारात एखाद्याला. सुटलेल्या पडद्याला छिद्र असतं हे आधीही काहींनी पाहिलं होतं, पण त्याला फारसं महत्त्व कुणी देत नसे. गोनिन यांनी निकामी झालेले डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि ठाम मत मांडलं: डोळ्यातला पारदर्शक गर पडद्याला ओढतो, पडदा फाटतो, फटीतून पाणी मागे शिरतं आणि पडदा सुटतो. म्हणजे आधी छिद्र बुजवायला हवं.

पण ते सापडायला तर हवं! गोनिन तासन्तास डोळ्यात बघत, पडद्याचं चित्र काढत. मग बाहेरून माप घेऊन, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या आवरणाला नेमक्या जागी चीर देऊन साचलेलं पाणी सोडत आणि तापवलेलं टोक आत घालून डाग देत. जखम भरताना पडदा तिथे चिकटे. चित्रकलेच्या तासाला आपण केलेला दंगा आठवला की मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

१९२० मध्ये ते प्राध्यापक झाले, तरी त्यांचं म्हणणं पटायला जगाला आणखी बरीच वर्षं लागली. १९२९ च्या ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर वारं फिरलं. १९३४ मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तरीही व्यवसायाच्या पहिल्या वर्षी, बाहेर रांग होती म्हणून, डोळ्यासमोर ठिणग्या दिसतात म्हणणाऱ्या एका एसटी चालकाची बाहुली मोठी न करताच मी त्याला थेंब देऊन परत पाठवलं. आठवड्याने तो आला तेव्हा पडदा सुटलेला होता. शस्त्रक्रिया झाली, पडदा बसला, पण गाडी चालवण्याइतकी नजर काही परतली नाही. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्या दिवसापासून रांग कितीही असो, मी आधी कडेपर्यंत पडदा बघतो आणि कागदावर त्याचं चित्र काढतो.

गोनिन यांच्यानंतर त्यांच्या जागी आलेले त्यांचे शिष्य मार्क ॲम्सलर यांनी बनवलेली चौकटींची जाळी माझ्या दवाखान्यात लावलेली आहे. मेळाव्याला याल तेव्हा एकेक डोळा झाकून तिच्यावर नजर टाका. मात्र ती फक्त मधल्या भागाची तपासणी. अचानक काळे ठिपके वाढले, ठिणग्या दिसल्या किंवा कडेने सावली आली, तर मेळाव्याची वाट बघू नका. त्याच दिवशी डोळा दाखवा. जाड चष्मेवाल्यांनो, तुम्ही तर नक्कीच.