०-२-२ ते २-२-२ : रॉबर्ट स्टीफन्सनच्या इंजिनांची चाकं

वाफेच्या इंजिनाच्या फोटोखाली ४-६-२ किंवा २-८-२ असं काही दिसलं की मला आधी ते सॉफ्टवेअरचं व्हर्जनच वाटायचं. खरं तर ती नुसती चाकांची मोजणी आहे. पहिला आकडा पुढच्या आधाराच्या चाकांचा, मधला वाफेची ताकद मिळणाऱ्या चाकांचा आणि शेवटचा मागच्या आधाराच्या चाकांचा. ही पद्धत फ्रेडरिक व्हाइट या अमेरिकन इंजिनिअरची, १९०० सालची. पण मला ती नीट कळली ती रॉबर्ट स्टीफन्सनमुळे, आणि तो तर तोवर वारून चाळीस वर्षं झाली होती!

रॉबर्ट १८०३ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलजवळ जन्मला. वडील जॉर्ज खाणीतल्या इंजिनांवर कामाला, ते स्वतः अठराव्या वर्षापर्यंत निरक्षर. म्हणून मुलाला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट. १८२३ मध्ये न्यूकॅसलला रॉबर्टच्या नावाने इंजिनांचा कारखाना निघाला आणि पुढच्याच वर्षी हा गडी दक्षिण अमेरिकेत खाणकामाला निघून गेला. परतला १८२७ मध्ये.

१८२९ मध्ये रेनहिलला इंजिनांची स्पर्धा झाली. बक्षीस ५०० पौंड. नियम असा, की साडेचार टनांपेक्षा जड इंजिनाला सहा चाकं हवीतच. रॉबर्टने ‘रॉकेट’ हलकं ठेवलं आणि चारच चाकांत भागवलं. पुढची मोठी जोडी ओढणारी, मागची छोटी फक्त भार घेणारी. म्हणजे ०-२-२. स्पर्धा जिंकली, पण सिलिंडर तिरपे असल्याने इंजिन वेगात डुलायचं. मग १८३० मध्ये ‘प्लॅनेट’ आलं. सिलिंडर पुढे आणि आडवे, ओढणारी जोडी मागे: २-२-०. १८३३ च्या ‘पेटंटी’त मागे आणखी एक जोडी लावली, २-२-२. मोठा बॉयलर पेलला आणि डुलणंही कमी झालं. चार वर्षांत तीन व्हर्जन, बघा.

मला मात्र त्याच्या आयुष्यातला मे १८४७ विसरता येत नाही. चेस्टरला डी नदीवर त्याने डिझाइन केलेला ओतीव लोखंडाचा पूल गाडी जाताना मोडला. पाच जण गेले. चौकशीत त्याच्यावर मनुष्यवधाचा ठपका येता येता राहिला. माझ्या एका चुकीच्या डिप्लॉयमेंटने ॲप दोन तास बंद पडलं होतं, तर मला रात्रभर झोप नव्हती. आणि इथे माणसं मेली होती. तेव्हा मेनाई सामुद्रधुनीवर त्याच्याच ब्रिटानिया पुलाचं काम चालू होतं. तो घडीव लोखंडाच्या प्रचंड चौकोनी नळ्यांचा, आधी मॉडेलं करून तपासलेला. १८५० मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या.

आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार इंजिनिअरही रॉबर्टच. १८५३ चा बोरीबंदर ते ठाणे मार्ग बांधणारा जेम्स बर्कली त्याच्याच ऑफिसात काम केलेला. त्या मार्गावरची पहिली इंजिनं होती २-४-० : ओढणारी चाकं आता चार.

१२ ऑक्टोबर १८५९ ला रॉबर्ट गेला. छप्पन्नावा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरलं.