योहान पेत्तर योहान्सन

ठाण्यातील विद्यार्थ्यांस इ. स. १८५३ हे साल कोणी शिकवावयास नको. त्या वर्षी एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस मुंबईच्या बोरीबंदराहून निघालेली आगगाडी सुमारे चारशे निमंत्रित मंडळींस घेऊन आपल्या गावी येऊन दाखल झाली, आणि पुढील साली मे महिन्यात तोच लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणास जाऊन भिडला. आगगाडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धूर आणि वाफ येते. परंतु कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर ती हजारो नटबोल्टांनी एकत्र आवळलेल्या लोखंडाची रास होय. हे नट जोवर घट्ट आहेत तोवर गाडी, आणि ते ढिले झाले की नुसती रास. ह्या नटांची सेवा ज्याने जन्मभर केली, आणि ज्याच्या हातचे एक हत्यार आज वागळे इस्टेटीपासून डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जवळजवळ प्रत्येक कारखान्याच्या पेटीत पडलेले असते, तो मनुष्य त्याच १८५३ सालच्या डिसेंबर महिन्याच्या १२ तारखेस दूर स्वीडन देशात जन्मास आला. त्याचे नाव योहान पेत्तर योहान्सन.

पश्चिम स्वीडनमधील वोरगोर्दा हे त्याचे जन्मग्राम. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा, आपल्याकडील भाषेत सांगावयाचे तर कूळ होता. घरात सहा भावंडे, आणि योहान सर्वांत थोरला. कोकणातील अशा घरच्या थोरल्या मुलाची जी गत होते तीच त्याची झाली. शाळेपेक्षा कामाशी त्याची गाठ लवकर पडली. त्या मुलखात दलदलीतून एक प्रकारची कुजकी, वाळविल्यावर जळणारी माती काढीत. तिच्या एका कारखान्यातील वाफेच्या यंत्रावर त्यास पहिली नोकरी मिळाली. यंत्राची संगत त्यास लागली ती तेथेच. पुढे एकोणिसाव्या वर्षी घर सोडून तो मूताला नावाच्या गावी गेला, पण तेथे नशिबी आले ते मातीच्या खोदकामावरील मजुराचे काम.

इ. स. १८७८ साली तो एस्किल्सतूना येथील मुंक्तेलच्या यंत्रशाळेत दाखल झाला. ही यंत्रशाळा सामान्य नव्हती. स्वीडनमध्ये बांधलेले पहिले आगगाडीचे इंजिन ह्याच ठिकाणी तयार झाले होते. अशा जागी राहून योहान्सन चांगला यंत्र-कारागीर बनला. मग काही काळ वेस्तेरोसजवळच्या एका शेतीवाडीवर त्याने लोहारकी केली, व त्या शहरातील एका कारखान्यातही काम केले. काही वर्षांनी जुन्या मालकाकडे परत जावे असे त्याच्या मनात आले, आणि त्याने तसे विचारूनही पाहिले. परंतु मुंक्तेलकडून त्यास उलटच सल्ला मिळाला : तू नोकरीत अडकू नकोस, स्वतःचा कारखाना काढ. नोकरी मागावयास गेलेल्या माणसास नोकरी न देता धंद्याचा मार्ग दाखविणारे मालक फार थोडे. पदरी भांडवल नाही, बापाची जमीन नाही, आणि हाती केवळ कसब, अशा माणसाने हा सल्ला मानणे म्हणजे बांधलेली नोकरी सोडून भर पाण्यात उडी टाकणे होते. योहान्सनने ती टाकली. इ. स. १८८६ साली तो एन्शोपिंग ह्या लहानशा गावी जाऊन राहिला आणि तेथे त्याने आपली यंत्रशाळा उघडली. त्या वेळी त्याचे वय बत्तीस-तेहेतीस वर्षांचे होते.

कामे मिळू लागली ती बहुतेक दुरुस्तीची. आसपासच्या शेतांवर व गिरण्यांत यंत्रे बिघडली की योहान्सनने हत्यारे घेऊन तेथे जावे. येथे त्याच्यापुढे एक अडचण उभी राहिली. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ ह्याने इ. स. १८४१ साली बोल्टांच्या आट्यांस एकच माप असावे अशी योजना मांडली होती हे खरे; परंतु गावोगावच्या लोहारांनी आणि कारखानदारांनी ती मनावर घ्यावी तेव्हा ना! ज्याने यंत्र बनविले त्याने आपल्या मनाप्रमाणे नटाचे माप ठरविले. प्रत्येक नटास वेगळा पाना हवा, म्हणून योहान्सनला कामावर जाताना पान्यांचा ढीगच्या ढीग गाडीवर लादून न्यावा लागे. एवढे करूनही जो पाना हवा तोच नेमका त्या ढिगात नसावयाचा!

आता कोणी म्हणेल, माप थोडे चुकले तर काय झाले? जरा सैल पाना लावून जोराने फिरवावा म्हणजे झाले. येथेच खरी मेख आहे, आणि ती नीट समजून घेतल्यावाचून योहान्सनच्या कामाची किंमत कळावयाची नाही. समजा, पान्याचा दांडा २५ सेंटिमीटर लांब आहे आणि त्याच्या टोकाशी आपण २० किलोग्रॅमचा जोर लावला. नटाची एकेक कड सव्वा सेंटिमीटर लांब धरली, तर पान्याच्या प्रत्येक जबड्याकडून नटावर पडणारा दाब चारशे किलोग्रॅमांहून कमी भरत नाही. पाना नटास चपखल बसला असेल तर हा भार नटाच्या सपाट अंगावर पसरतो, आणि लोखंड तो सहज सोसते. पण पाना केसभर जरी सैल असला तरी तो तिरका होतो, सपाट अंग सुटते, आणि तोच सगळा भार नटाच्या कोपऱ्याच्या बारीक रेषेवर येऊन पडतो. तेथील लोखंड चेचले जाते. दोनचार वेळा असे झाले की षट्कोनी नट गोल होऊन बसतो. मग त्यास कोणताच पाना धरीत नाही, आणि छिन्नी-हातोडा घेऊन तो तोडावा लागतो. शेतकऱ्याचे यंत्र दुरुस्त करावयास आलेल्या कारागिराने ते आणखी बिघडवून जावे, ह्यापरते लाजिरवाणे दुसरे काय?

गोल नळीची गोष्ट ह्याहून निराळी. तीस कोपरे नाहीत आणि सपाट अंगही नाही. म्हणून ती फिरवावयाची तर दात असलेल्या जबड्याने तिच्या अंगात रुतूनच बसले पाहिजे. अमेरिकेत डॅनिएल स्टिलसन ह्याने इ. स. १८६९ च्या सुमारास असा एक नळीचा पाना बनविला होता. योहान्सनने इ. स. १८८८ साली आपल्या रीतीचा नळीपाना तयार केला. लोखंडी हात असे त्याचे सार्थ नाव पडले. मात्र हा हात नळीवर दातांचे वळ उठवितो. जमिनीखालच्या लोखंडी नळीस त्याचे काही वाटत नाही. पण चकचकीत मुलामा दिलेल्या तोटीस तो लावला तर तोटीची शोभा जाते. म्हणून जाणते नळकारागीर अशा ठिकाणी कातड्याचा तुकडा किंवा जाड फडके मध्ये घालतात, अथवा दाताऐवजी पट्टा असलेला पाना वापरतात. तंत्रशाळेत शिकणाऱ्या आपल्या वडील भावांस विचारून पाहा. शेगड्यात मऊ धातूचे काम धरावयाचे असेल तेव्हा जबड्यांवर तांब्याचे पत्रे बसविण्यास त्यांचे गुरुजी सांगतात, त्यामागील कारण हेच.

नटासाठी मात्र दात नकोत, हे योहान्सनने जाणले. जबडे गुळगुळीत व एकमेकांस समांतर असावेत, आणि त्यांतील अंतर नटाच्या मापाइतके नेमके करता यावे, एवढीच गरज होती. ह्या विचारातून जो सरकत्या जबड्याचा पाना त्याने बनविला त्याचे पेटंट त्यास इ. स. १८९२ साली मिळाले. त्याची रचना आपण सर्वांनी पाहिलेली आहे, पण पाहूनही क्वचितच कोणी तिच्याकडे लक्ष दिले असेल. एक जबडा दांड्याशी एकजीव, अचल. दुसरा जबडा खाचेत सरकणारा, आणि त्याच्या बुडाशी दाते. त्या दात्यांत मळसूत्राचे आटे असलेली एक लहानशी फिरकी बसविलेली असते. अंगठ्याने ती फिरविली की जबडा पुढेमागे होतो. येथील खुबी ही की फिरकी जबड्यास हलविते, परंतु जबडा फिरकीस हलवू शकत नाही. कारण मळसूत्राचा चढ इतका मंद असतो की उलट बाजूने कितीही रेटले तरी घर्षणामुळे ते जागचे ढळत नाही. म्हणून शेकडो किलोग्रॅमांचा भार येऊनही, अंगठ्याच्या जोराने लावलेले अंतर तसेच कायम राहते.

योहान्सनने हा पाना शून्यातून निर्माण केला असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. इंग्लंडात रिचर्ड क्लायबर्न ह्याने इ. स. १८४२ साली सरकत्या जबड्याचा पाना काढला होता, आणि जर्मन लोक अशा जुन्या पान्यास इंग्रज ह्याच नावाने ओळखत. योहान्सनने जे केले ते असे की, जुन्या बोजड हत्यारास हलके, आटोपशीर व भरवशाचे रूप दिले. डेन्मार्कमध्ये लोक ह्या पान्यास आजही स्वीडनची किल्ली म्हणतात, ह्यावरून हे श्रेय कोणाकडे गेले ते दिसून येईल. आमच्या मते पहिला कोण ह्या वादापेक्षा, हातात घेतल्यावर काम कोणाचे हत्यार करते हे अधिक महत्त्वाचे.

तथापि ह्या पान्याचेही दोष आहेत, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. सरकता जबडा कितीही चांगला असला तरी खाचेत किंचित हलतोच. म्हणून ठराविक मापाच्या पान्याइतका तो कधीच पक्का बसत नाही. आपल्याकडील फिटर त्यास स्क्रूपाना म्हणतात, आणि योग्य मापाचा पाना जवळ असेल तर त्यास हात लावीत नाहीत. वापरणे भागच पडले तर फिरकी घट्ट करून जबडे नटास लागून बसले आहेत हे आधी पाहावे, आणि दांडा सरकत्या जबड्याच्या दिशेने ओढावा, म्हणजे मुख्य भार अचल जबड्यावर पडतो. उलट ओढल्यास भार दुबळ्या जबड्यावर येतो, तो उघडतो, आणि नटाचे कोपरे जातात. मापांचा गोंधळ तर आपल्या देशातही थोडा नव्हता. इंग्रजी अमदानीतील यंत्रांवर व्हिटवर्थच्या मापाचे नट, पुढे आलेल्या अमेरिकन यंत्रांवर निराळे, आणि १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आल्यानंतर मिलिमीटरचे. अशा तिन्ही मापांच्या यंत्रांवर काम करणाऱ्यास हा एक पाना केवढा आधार वाटला असेल!

हत्यार चांगले असले तरी ते विकणारा हवा. इ. स. १८९० साली स्टॉकहोम येथील व्यापारी बेर्न्ट आउगुस्त यूर्ट ह्याने योहान्सनची हत्यारे देशोदेशी विकण्याचे पत्करले, आणि त्याच्या कंपनीच्या नावातील अक्षरे जुळवून बाको ही खूण तयार झाली. ह्या यूर्टचे नाव कानांस परके वाटेल, परंतु त्याचा एक माल ठाण्या-कल्याणच्या कित्येक स्वयंपाकघरांत नांदून गेला आहे. प्रायमस स्टोव्ह जगभर विकणारी कंपनी ती हीच! गॅस घरोघर येण्यापूर्वी आपल्या आज्यांनी ज्या पितळी स्टोव्हवर चहा केला, त्या अस्सल प्रायमसच्या टाकीवर यूर्टच्या कंपनीचे नाव कोरलेले असे. आणि ह्या स्टोव्हची गोष्ट आपल्या विषयापासून दूरची नाही. स्टोव्हचा बर्नर पितळेचा, म्हणजे मऊ. तो काढावयास घरातील कोणी उतावीळ माणसाने दातांची पक्कड लावली की बर्नरच्या बुडाचे कोपरे झिजलेच म्हणून समजावे. स्टोव्ह दुरुस्त करणारा मात्र मापाचा गुळगुळीत पाना लावून हलकेच तो सोडवीत असे. घरोघरी जुना स्टोव्ह माळ्यावर असेलच. पालकांनी तो खाली काढून बर्नरचे कोपरे मुलांस दाखवावेत.

बाकोच्या खुणेचे पाने अतोनात खपले. आजवर दहा कोटींहून अधिक तयार झाले असे सांगतात. योहान्सनच्या नावावर एकंदर शंभराहून अधिक पेटंटे जमा झाली. इतक्या यशानंतर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. योहान्सनने इ. स. १९१४ साली कारखान्याचा कारभार दुसऱ्यांच्या हाती दिला, आणि दोन वर्षांत तो कारखाना यूर्टच्या कंपनीकडे गेला. पण त्याचे स्वतःचे हात रिकामे राहिले नाहीत. तोवर विजेचे दिवे घरोघर येऊ लागले होते, आणि दिवा छतास टांगला की तो काम करणाऱ्याच्या सोयीच्या जागी कधी नसे. योहान्सन ह्या नव्या विषयाच्या मागे लागला. इ. स. १९१९ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्याने ट्रिप्लेक्स नावाचा दुसरा कारखाना काढला. हवा तेथे ओढून आणावा आणि सोडला की तेथेच स्थिर राहावा, असे विजेचे दिवे त्यात तयार होऊ लागले. सरकावे, पण सुटू नये : पान्यातलाच प्रश्न त्याने दिव्यात पुन्हा सोडविला असे म्हणावयास हरकत नाही.

इ. स. १९४३ च्या ऑगस्ट महिन्याच्या २५ तारखेस, एकोणनव्वद वर्षांचा होऊन, योहान्सन एन्शोपिंग येथेच मरण पावला. त्याच्या नावाचे एक संग्रहालय त्या गावी आहे, आणि त्याने केलेली हत्यारे तेथे मांडून ठेविली आहेत.