पेटीतली पुंगी

लग्नसराई सुरू झाली की हिंदमाता परिसरातील साड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. मग काही दिवसांनी गल्लीतून वरात निघते. बँडवाले एकामागून एक गाणी वाजवतात. पण एक धून वाजल्याशिवाय वरात पुढे सरकतच नाही. ती सुरू झाली की कोणीतरी रुमालाचे टोक दातांत धरतो आणि पुंगी वाजवल्याचा आव आणतो. दुसरा डोक्यावर हातांचा फणा करून भर रस्त्यात डोलू लागतो. मुलांनो, हे दृश्य तुम्ही पाहिलेच असेल.

ही धून १९५४ साली प्रदर्शित झालेल्या 'नागिन' या चित्रपटातील आहे. उर्दूत ज्याला बीन म्हणतात, त्यालाच मराठीत पुंगी म्हणतात. आणि सपेरा म्हणजे मराठीतला गारुडी. गंमत अशी, की त्या चित्रपटात ऐकू येणारी पुंगी ही पुंगी नव्हतीच! ती विजेवर चालणारी एक पेटी होती. ती पेटी वाजवणारा तरुण गिरगावातल्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा होता. त्याचे नाव कल्याणजी वीरजी शाह.

कल्याणजींचा जन्म ३० जून १९२८ रोजी कच्छमधील कुंदरोडी या गावी झाला. त्यांचे वडील वीरजीभाई पोट भरण्यासाठी मुंबईत आले आणि गिरगावात त्यांनी किराणा मालाचे दुकान घातले. गिरगाव म्हणजे चाळींची वस्ती. मराठी आणि गुजराती कुटुंबे तेथे शेजारी शेजारी राहत. गणपतीत आरत्या आणि भजने, नवरात्रात गरबा, असे निरनिराळे सूर मुलांच्या कानांवर आपोआप पडत.

कल्याणजींच्या संगीतशिक्षणाची एक मजेदार हकीकत सांगतात. दुकानाच्या एका गिऱ्हाइकाची उधारी फार साठली होती. पैसे देणे त्याला जमेना. तेव्हा उधारी फेडण्यासाठी त्याने दुकानदाराच्या मुलांना संगीत शिकवायचे कबूल केले. त्या गुरुजींना स्वतःलाच संगीत फारसे येत नव्हते, असेही सांगतात. तरी मुलांना गोडी लागली. पुढचे शिक्षण कल्याणजींनी बहुतेक ऐकून आणि वाजवून घेतले. धाकटे भाऊ आनंदजी त्यांच्यासोबत होतेच. आणखी एक भाऊ लक्ष्मीचंद, म्हणजे बाबला, पुढे तालवाद्यांत नावाजले. भावांनी एक वाद्यवृंद उभा केला आणि ते ठिकठिकाणी कार्यक्रम करू लागले.

याच काळात कल्याणजींच्या हाती एक परदेशी वाद्य आले. त्याचे नाव क्लॅव्हिओलिन. फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन या संशोधकाने ते १९४७ साली तयार केले होते. हे वाद्य नीट समजून घेण्यासारखे आहे. त्याचे दोन भाग असत. एका भागात तीन सप्तकांच्या छोट्या पट्ट्या आणि आत काचेचे व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत असत तसेच हे व्हॉल्व्ह. दुसरा भाग म्हणजे एक वेगळी पेटी. तिच्यात आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर असे. पट्टी दाबली की व्हॉल्व्हच्या साहाय्याने विजेची कंपने निर्माण होत. ती कंपने अगदी कच्ची, भुणभुण करणारी असत. मग पट्ट्यांजवळची लहान लहान बटणे कामाला येत. एक बटण दाबले की त्या आवाजातील काही भाग गाळला जाई आणि बासरीसारखा सूर येई. दुसरे दाबले की व्हायोलिनसारखा. आवाज लहानमोठा करण्यासाठी गुडघ्याने ढकलायची एक दांडी असे. या वाद्यावर एका वेळी एकच सूर वाजे, दोन नाहीत.

सूर तयार करणे हे एक काम आणि त्याला बळ देणे हे दुसरे काम, ही गोष्ट लक्षात ठेवा. विजेच्या गिटारचेही असेच आहे. गिटारच्या तारेतून येणारा सूर अगदी क्षीण असतो. ॲम्प्लिफायरचा पहिला टप्पा, ज्याला प्रीॲम्प म्हणतात, त्या सुराला रंग देतो. पुढचा टप्पा त्याला ताकद देतो. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यातील ॲम्प्लिफायर स्वच्छ, घंटेसारख्या आवाजासाठी प्रसिद्ध झाले. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातील कारागिरांनी फेंडरचाच एक ॲम्प्लिफायर समोर ठेवून आपला नवा ॲम्प्लिफायर बनवला. पण त्याचा आवाज निघाला जाडाभरडा आणि तापट! आपल्याकडे गाण्याची जशी घराणी, तशी ही ॲम्प्लिफायरची घराणीच झाली. अलीकडे तर असे ॲम्प्लिफायर मिळतात, की त्यांतील प्रीॲम्प टेबलाच्या खणासारखा ओढून काढता येतो. त्या जागी दुसरा बसवला की घराणे बदलले. लालबाग-परळच्या मिरवणुकीत हातगाडीवर जी बेंजो पार्टी असते, तिच्या बेंजोचा सूरही असाच तारेतून ॲम्प्लिफायरमध्ये जातो. पुढच्या वेळी जवळ जाऊन पाहा. मात्र कानांवर हात ठेवा.

आता 'नागिन'कडे येऊ. या चित्रपटाचे संगीतकार होते हेमंतकुमार. चित्रपट सापांचा आणि गारुड्यांचा. पुंगीशिवाय तो उभाच राहू शकत नव्हता. खरी पुंगी भोपळ्याची असते. तिला दोन नळ्या असतात. एकीवर गाणे वाजते आणि दुसरी सतत एकच सूर धरून ठेवते. तिचा आवाज भेदक असतो. पण हवा तो सूर नेमका काढणे आणि मोठ्या वाद्यवृंदाशी जुळवणे कठीण असते. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर पुंगीचा आवाज काढला. त्यांच्या जोडीला हेमंतकुमार यांचे सहायक रवी हार्मोनियम घेऊन बसले. हे रवी पुढे स्वतः मोठे संगीतकार झाले. हार्मोनियममध्येही पुंगीसारख्याच थरथरणाऱ्या पट्ट्या असतात, फक्त त्या धातूच्या असतात. विजेची पेटी आणि हवेची पेटी, या दोघींनी मिळून पुंगी तयार केली.

क्लॅव्हिओलिनवर पुंगीचे बटण नव्हते. फ्रान्समधल्या कारागिराने पुंगी कशाला ऐकली असेल? ते यंत्र आपल्याकडून फक्त एक नाकातला, सानुनासिक आवाज देऊ शकत होते. गारुडी सुराला कोठे हेलकावा देतो, कोठे थांबतो, कोठे एकदम वर जातो, हे कल्याणजींच्या कानांत होते. ते त्यांनी बोटांत आणले. काही लोक याला नुसती नक्कल म्हणतात. मला ते पटत नाही. तसे असते तर खऱ्या गारुड्यांनी या नकलेची नक्कल केली नसती. चित्रपटानंतर रस्तोरस्ती खऱ्या पुंगीवर हीच धून वाजू लागली.

चित्रपट अफाट चालला. हेमंतकुमार यांना त्याच्या संगीतासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. धून ऐकून चित्रपटगृहात साप येतात, अशी अफवाही पसरली. ती खरी मानू नका. सापाला बाहेरचे कान नसतात. पुंगीपुढे तो डोलतो, तो मुख्यतः गारुड्याच्या हालचालींवर नजर ठेवून.

१९५८ मध्ये 'सम्राट चंद्रगुप्त' या चित्रपटाला कल्याणजींनी स्वतंत्रपणे संगीत दिले. पुढच्याच वर्षी 'सट्टा बाजार' आणि 'मदारी' या चित्रपटांपासून कल्याणजी-आनंदजी ही जोडी पडद्यावर झळकली. 'जब जब फूल खिले', 'उपकार', 'जंजीर', 'डॉन', 'मुकद्दर का सिकंदर' ही त्यांतली काही नावे. सर्व चित्रपटांची यादी दिली तर हा धडा संपणार नाही. 'सरस्वतीचंद्र' या १९६८ च्या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'कोरा कागज'साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि १९९२ मध्ये पद्मश्री.

या यशाला दुसरी बाजूही आहे. तेव्हा एका गाण्यासाठी स्टुडिओत कधीकधी पन्नासहून अधिक वादक बसत. गोव्याचे, पंजाबचे, बंगालचे, महाराष्ट्राचे. त्यांची घरे या कामावर चालत. एक पेटी पुंगीचे काम करू शकते, मग उद्या सनईचे करील, परवा व्हायोलिनचे करील, ही शंका खोटी ठरली नाही. १९९० नंतर कीबोर्ड आणि संगणक आले आणि ते मोठे वाद्यवृंद हळूहळू संपले. अनेक कसबी वादक घरी बसले. याचा दोष कल्याणजींना देता येणार नाही. विजेची वाद्ये वापरतानाही त्यांच्या गाण्यांत हाडामांसाचे वादक भरपूर असत. लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल हे पुढे गाजलेले संगीतकार आधी त्यांच्याच हाताखाली साहाय्यक होते.

माणूस ओळखण्याची त्यांना हातोटी होती. स्वभाव गमत्या, गोष्टी सांगण्याची हौस. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात काम करणारा, लोकांच्या आवाजांच्या नकला करणारा एक तरुण त्यांनी आपल्या कार्यक्रमांत उभा केला. तोच जॉनी लिव्हर. उतारवयात लहान मुलांना गाणे शिकवून मंचावर आणण्यात ते रमले. 'लिटल वंडर्स' हे त्या मुलांच्या चमूचे नाव. साधना सरगम, सुनिधी चौहान यांच्यासारख्या गायिकांना त्यांचे मार्गदर्शन मिळाले.

२४ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत कल्याणजींचे निधन झाले. व्हॉल्व्हचे क्लॅव्हिओलिन तोवर केव्हाच मागे पडले होते. त्याची जागा सिंथेसायझरने घेतली होती. २००५ मध्ये अमेरिकेतील ब्लॅक आयड पीज या गटाने 'अपराध' आणि 'डॉन' या चित्रपटांतील कल्याणजी-आनंदजींच्या संगीताचे तुकडे आपल्या एका गाण्यात वापरले. त्या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. गिरगावच्या दुकानदाराच्या मुलांचे सूर तेव्हा अमेरिकेतल्या पोरांच्या कानांत वाजत होते.