नम्रतेची शिकवण : कविवर्य नारायण वामन टिळक

ख्रिस्ती सद्गुणांमध्यें नम्रता हा पायाचा दगड होय. पाया जमिनींत गाडलेला असतो, म्हणून त्याची कोणी वाखाणणी करीत नाहीं. परंतु तो ढळला तर मंदिराच्या भिंती उभ्या राहत नाहींत. आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवप्रसंगीं, ज्या पुरुषानें आयुष्याच्या अखेरीस सातारा ही आपली कर्मभूमि केली, त्याच्या चरित्रांत हा सद्गुण कसा प्रकटला तें पाहूं.

नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. नाशिक येथें त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. विद्वत्ता, वक्तृत्व व कवित्व ह्या तिन्ही देणग्या त्यांना लाभल्या. त्यांबरोबर शीघ्रकोपी स्वभावहि लाभला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं स्मृतिचित्रें ह्या ग्रंथांत तो मुळींच लपविलेला नाहीं. म्हणजे नम्रता टिळकांना जन्मतः मिळाली नव्हती. ती त्यांना शिकावी लागली.

१८९३ च्या सुमारास राजनांदगांवच्या प्रवासांत आगगाडींत एका अपरिचित युरोपियन गृहस्थानें त्यांना पवित्र शास्त्र वाचावयास दिलें. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकलें. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबई येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट दुरावले, पत्नीचाहि कांहीं वर्षें वियोग घडला. पुढें लक्ष्मीबाई त्यांजकडे आल्या व १९०० मध्यें त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. ज्यांची सावलीहि समाज टाळीत असे, अशा घराण्यांतून आलेले अनेक ख्रिस्ती बंधु अहमदनगरास होते. कुळाचा अभिमान उराशीं बाळगणाऱ्या ह्या पतिपत्नींनीं त्यांनाच आपले सोयरे मानलें. जुना अभिमान एका दिवसांत गळून पडत नसतो. तो रोजच्या पंगतींत आणि पाणवठ्यावर थोडाथोडा टाकावा लागतो.

त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या एका तरुण कवीला टिळकांनीं आपल्या घरीं पुत्रवत् ठेविलें. हेच पुढें बालकवि म्हणून महाराष्ट्रांत गाजले. दुसऱ्याचा गुण आपल्या गुणाहून वाढतांना पाहून आनंद मानणें, ही नम्रतेची कठीण परीक्षा होय.

१९१७ मध्यें टिळकांनीं अमेरिकन मराठी मिशनची नोकरी व वेतन सोडलें आणि सातारा येथें 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे सर्व येशूभक्त त्यांत बंधुभावानें एकत्र यावेत, अशी त्यांची तळमळ होती. वय पन्नाशीपलीकडचें, कीर्ति सर्वत्र पसरलेली. तरी त्यांनीं निश्चित मिळकतीवर पाणी सोडलें. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबई येथें त्यांनीं देह ठेविला. तो दरबार पुढें फार काळ टिकला नाहीं. परंतु त्यांचीं भजनें मराठी ख्रिस्ती जनांच्या मुखीं राहिलीं.

टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. मग त्यांचें चरित्र येथें कशास, असें कोणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ मध्यें विभक्त बंधूंच्या ठायीं असलेलें ख्रिस्ताचें धन आनंदानें ओळखण्यास आपणांस शिकविलें. परक्या अंगणांतील फूल सुगंधी आहे, असें म्हणणें हीहि नम्रताच.

प्रिय धर्मग्रामस्थहो, प्रभु येशूनें शिष्यांचे पाय धुतले, तेव्हां त्याच्या हातीं घंगाळ व रुमाल एवढेंच साहित्य होतें. आपल्या घरींहि तें आहे. रागाच्या भरांत बोललेल्या शब्दाची पत्नीपाशीं वा लेकराबाळांपाशीं क्षमा मागणें, घरीं राबणाऱ्या बाईस आदरानें हांक मारणें, धाकट्यानें दाखविलेली चूक मान्य करणें, ह्यांत ती नम्रता दडलेली आहे. ह्या पुस्तिकेंतहि श्रम करणाऱ्या कोणाचें नांव राहून गेलें असेल. ज्यांचें राहिलें त्यांनीं खंत करूं नये. ज्यांचें छापलें त्यांनीं त्या अनामिकांचें स्मरण करून त्यांसाठीं आज एक प्रार्थना करावी. सौम्य व लीन मनाचा जो आपला प्रभु, तो आपणां सर्वांस ही कृपा देवो.